बाटली भरलेली होती



गेल्या वेळी उन्हाळी सांडग्यांबद्दल लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं होतं की कुंथलगिरीच्या यात्रेचं का लिहिलं नाहीत. लिहिलं नाही, कारण यात्रा झालीच नाही. गाडी तापली आणि आम्ही अर्ध्या वाटेवरून परत आलो. आता तुम्ही म्हणाल, काकू स्वयंपाकघर सोडून इंजिनात कुठे शिरल्या? पण शिरावं लागलं. आणि शिरल्यावर जे सापडलं ते इंजिनापुरतं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमची गाडी पेट्रोलवरची, तेरा वर्षांची. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून यांनी लांबचं चालवणं कमी केलं, म्हणून आम्ही एक मुलगा ठेवला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, जवळच्याच खेड्यातला. त्याचं नाव इथे घालत नाही. मी मात्र घरातल्या सगळ्या हिशेबांसारखा गाडीचाही हिशेब ठेवते. १९८० ची बी.कॉम. आहे मी. नोकरी केली नाही, पण रोजकीर्द अजून सुटलेली नाही. गाडीची वही वेगळी. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, सगळं तारखेनिशी. दर रविवारी पूजा आटोपली की बॉनेट उघडून त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत कूलंट किती आहे ते मी स्वतः बघायची. बाटलीवर दोन रेघा असतात, कमीतकमी आणि जास्तीतजास्त. आमचं नेहमी वरच्या रेघेला. कधी कधी तर रेघेच्याही वर. मी वहीत लिहायची, 'पाणी पूर्ण'. लिहिताना जरा कौतुकही वाटायचं स्वतःचं.

माघात पहिल्यांदा गाडी तापली. सिग्नलला उभी होती, एसी चालू होता. काटा वर गेला. गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट बदलला. हा थर्मोस्टॅट म्हणजे लहानसा दरवाजा. आत मेण असतं. इंजिन गार असताना दरवाजा बंद, म्हणजे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास मेण फुगतं, दरवाजा उघडतो आणि पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, गार व्हायला जातं. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापणारच. अठराशे रुपये झाले. जुना भाग मी मागून घेतला. ही माझी सवय आहे, पैसे दिले की जुना सुटा भाग घरी आणायचा.

महिनाभर गाडी छान चालली. मग फाल्गुनात पुन्हा तापली. या वेळी म्हणाले, रेडिएटर आतून धरलाय. बोअरच्या जड पाण्याचा थर आपल्या तपेल्यात बसतो तसाच तिथेही बसतो, हे मला पटलं. आतून धुऊन घेतला, नवीन कूलंट भरलं, सव्वीसशे रुपये. पुन्हा महिनाभर ठीक.

त्याच वेळी मी त्या मुलाला पहिल्यांदा बोलले. आम्ही मंदिरात असलो की तो झाडाखाली गाडीत बसायचा. एसी लावून झोपत असशील, म्हणून तापते, असं म्हणाले. तो म्हणाला, नाही काकू, काचा खाली करून बसतो. आणि वर असंही म्हणाला, ''काकू, त्या टोपीभोवती पांढरा थर जमतोय बघा. मी पुसला की परत येतो.'' मी म्हटलं, ''बाटली भरलेली आहे ना? मग पाणी कमी कसं असेल?'' तो गप्प बसला.

वैशाखात कुंथलगिरीला निघालो. सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी. देशभूषण-कुलभूषण मुनींची ती सिद्धभूमी तर आहेच, पण आईंना ओढ वेगळी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली, तेव्हा आई नव्यानं लग्न होऊन आलेल्या. घरातली सगळी मोठी माणसं दर्शनाला गेली आणि घर सांभाळायला यांना मागे ठेवलं. ते त्या अजून सांगतात. म्हणजे तक्रार म्हणून नाही, नुसतंच सांगतात. नंतर त्या एकदोनदा जाऊन आल्या आहेत, पण आता शेवटचं एकदा जायचं होतं.

अभिषेक-पूजा करून सांगलीहून निघायला दहा वाजले. आईंचं गाळून उकळलेलं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये बरोबर घेतलं होतं. सांगोल्यापर्यंत काही त्रास नाही. पंढरपूर सोडून कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागलो, ऊन असं की डांबर चकाकत होतं, आणि मधेच बॉनेटमधून भसकन वाफ आली.

मुलानं गाडी कडेला बाभळीखाली घेतली. आता जे जे त्यानं केलं ते मी नंतर वहीत लिहिलं होतं, म्हणून नेमकं सांगते. वाफ दिसताच त्यानं एसी बंद केला आणि गाडी कडेला घेता घेता हीटर पूर्ण गरमवर लावला. वैशाखात हीटर! मी ओरडलेच. पण आश्चर्य म्हणजे हवा गार येत होती. मला वाटलं, यानं बटणच चुकीचं फिरवलं. मग इंजिन बंद करून तो पाऊण तास थांबला. मी म्हटलं, अरे पाणी ओत ना! तो म्हणाला, गरम इंजिनात गार पाणी नको काकू, आत तडकतं. मग ओल्या जाड फडक्यानं टोपी थोडी फिरवली, फुस्स आवाज संपेपर्यंत थांबला आणि मग काढली.

जवळ पाणी कुठेच नव्हतं. आई मागच्या सीटवरून म्हणाल्या, ''माझं घाल की त्यात.'' मी म्हटलं, ''आई, ते तुमचं पिण्याचं आहे.'' तर म्हणतात, ''तापलेल्याला आधी.'' तीन लिटर घेतलं गाडीनं. मी वहीत लिहिलं, 'पाणी ३ लिटर ओतले.' आणि त्याच पानावर वर लिहिलेलं होतं, 'निघताना बाटली पूर्ण.' दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात, चार ओळींच्या अंतरानं. तेव्हा मला वाटलं, वाफ होऊन गेलं असेल.

जवळच्या गावातला मेकॅनिक आला. तो म्हणाला, पुढे नेऊ नका, इंजिन बसेल. टेम्पोला दोर बांधून पंढरपूरपर्यंत मागे आलो. धर्मशाळेत खोली मिळेपर्यंत सूर्य मावळला होता. आईंनी सकाळी अकरानंतर काही घेतलं नव्हतं. डब्यात दशम्या होत्या, पाणी होतं, आणि त्यांनी दोन्हीला हात लावला नाही. मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, ''उपवास झाला म्हणायचा.'' ज्या दिशेला कुंथलगिरी असेल असं त्यांना वाटलं तिकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मी खिडकीशी उभी होते. मला त्या मुलाचा इतका राग आला होता, काय सांगू.

म्हणून त्याला बाहेर बोलावून विचारलं, ''काट्याकडे लक्ष नव्हतं का तुझं?'' तो म्हणाला, ''होतं काकू. काटा वर गेला होता, मी हळू केली. मग एकदम खाली आला. मला वाटलं, थंड झाली.'' वाफ येत होती आणि काटा खाली होता म्हणे! मला ते सरळ खोटं वाटलं. चुकलं म्हणाला असता तर सोडून दिलं असतं, पण हा खोटं बोलतो. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीनं घरी आलो आणि संध्याकाळी मी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. महिन्याचा पगार दिवस मोजून दिला. हिशेबात मी पक्की.

गाडी सांगलीला आणून गॅरेजमध्ये दिली. पंख्याची मोटर बदलली, पाणी भरलं, गाडी चालू लागली. आणि जूनच्या शेवटी पुन्हा तापली.

या वेळी चालवत होते हे. आमचेच हे, पस्तीस वर्षं गाडी चालवलेले, एसी बंद, घरापासून चार किलोमीटरवर. मी शेजारीच होते. काटा वर गेला, डुगडुगला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. पुढच्या मिनिटाला वाफ.

मी काहीच बोलले नाही. हे खाली उतरले आणि घाईत रुमालानं टोपी धरून फिरवली. शिटी न काढता कुकरचं झाकण ओढल्यासारखं झालं ते. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण सैल झालं की एका क्षणात सगळं उसळतं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. पंधरा दिवस पट्टी होती. मैत्रिणींनो, गाडी वापरणारं कोणी घरात असेल तर निदान एवढं सांगून ठेवा, की तापलेल्या गाडीची टोपी उघडायची नाही. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. वरचा रबरी पाइप फडक्यानं दाबून बघा, टणक लागला तर आत दाब आहे.

गॅरेजवाले आता म्हणाले, हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिन खोलावं लागेल, पस्तीस हजार. हे म्हणाले, विकून टाकू. मी वही काढली.

आमच्या वेळी कॉलेजात शिकवायचे की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. काही चुका अशा असतात की त्या असूनही तेरीज जुळते. मी चारही वेळच्या नोंदी एका कागदावर काढल्या. गॅरेजमधून आली की चार-पाच आठवडे ठीक, मग तापते. थर्मोस्टॅट बदला, रेडिएटर धुवा, पंखा बदला, काही करा, गुण येतो तेवढाच. म्हणजे तिन्ही दुरुस्त्यांत एक गोष्ट सारखी असली पाहिजे आणि गुण तिचाच असला पाहिजे. तिन्ही वेळा त्यांनी पाणी नव्यानं भरलं होतं! पाणी भरलं की गाडी बरी, ते कमी होत गेलं की तापते. पण मग बाटली भरलेली कशी? इथे येऊन मी अडकले.

तोवर मागून आणलेला तो जुना थर्मोस्टॅट आठवला. अंगणातल्या जुन्या स्टोव्हवर रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी तापवून त्यात तारेनं टांगला, दुधाचा थर्मामीटर लावला (तो आता दुधाला नाही). ऐंशीच्या पुढे गेल्यावर तो छान कमळासारखा उघडला. अठराशे रुपये तिथेच दिसले मला.

बाजाराकडे रेडिएटर दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, कधी तापते? उभी असताना, पळताना, की चढाला? फक्त उभी असताना तापली आणि पळताना गार राहिली, तर पंखा बघायचा, कारण पळताना वारा पंख्याचं काम करतो. पळताना, चढाला तापली तर जाळी तुंबलेली असेल किंवा पाण्याचा पंप. मी म्हटलं, दोन्हीकडे तापते. मग ते म्हणाले, ''पाणी बघता का ताई?''

''दर रविवारी. बाटली कायम भरलेली असते.''

''बाटली नाही विचारली. गाडी थंड असताना टोपी काढून आत बघितलंय?''

नव्हतं बघितलं. एकदाही नाही.

त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गेले तेव्हा माझ्यासमोर टोपी काढली. बाटली वरच्या रेघेला, आणि रेडिएटरमध्ये बोट घातलं तर ओलं झालं नाही.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. बाटली हे राखीव खातं. पाणी तापून फुगतं तेव्हा जास्तीचं टोपीतून बाटलीत जमा होतं. गाडी गार झाली की आत ओढ निर्माण होते आणि तेच पाणी बाटलीतून परत आत येतं. पण त्यासाठी टोपीचं रबर धड हवं. आमच्या टोपीचं वरचं रबर कडक होऊन चिरलं होतं. त्यामुळे गार होताना बाटलीतलं पाणी यायच्या ऐवजी त्या चिरेतून हवा आत जायची. जमा होत होतं, परत येत नव्हतं. बाटली भरून जास्तीचं रस्त्यावर सांडायचं. थोडं टोपीभोवती झिरपायचं, त्याचाच तो पांढरा थर. शिवाय दाबही धरत नव्हता, कुकरची रिंग गेल्यासारखं. म्हणजे बाटली रेघेच्या वर दिसायची हेच दुखणं होतं आणि मी त्यालाच 'पूर्ण' लिहीत होते.

मी हीटरचं विचारलं. ते म्हणाले, हीटरला गरम पाणी इंजिनाकडूनच येतं, पाणीच नाही तर हवा गारच येणार. ती मोठी खूण असते.

आणि काटा? ''काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर खरं सांगतो. पाणी उतरलं, तो कोरडा पडला, की काटा खाली येतो. तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं.'' चाचा हे सहज सांगून हात पुसायला गेले. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

हेड गॅस्केटचीही त्यांनी खात्री करून दिली. हातपंपानं रेडिएटरमध्ये दाब भरून ठेवला, काटा पंधरा मिनिटं हलला नाही. नवीन पाणी भरून इंजिन चालू केलं, बुडबुडे नाहीत. तेलाची पट्टी काढून दाखवली, तेल दुधाळ झालेलं नव्हतं. नवीन टोपी अडीचशे रुपये. गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे गाडी तापलेलीच जायची, आणि बाटली भरलेली असते हे त्यांना छातीठोकपणे सांगणारी मीच होते.

जाता जाता एक. हे कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात. काढलेलं गटारात किंवा झाडाखाली ओतू देऊ नका, गार होऊ द्या, बंद डब्यात गॅरेजलाच परत द्या. गरम पाणी मातीत ओतायचं नाही हे आपल्याला आजीनं शिकवलेलं आहे, तेच इथेही. आणि रेडिएटरच्या जाळीत मेलेले पतंग पाहिल्यापासून आम्ही रात्रीचा प्रवास जवळजवळ सोडला आहे.

आता त्या मुलाचं. जुलैत कळलं, आणि मी ऑगस्ट संपेपर्यंत फोन केला नाही. काय कारणं द्यायची मी स्वतःला! त्याचा नंबर बदलला असेल, त्याला दुसरं काम मिळालं असेल, पगार तर पूर्ण दिलाय. दशलक्षणात उत्तम क्षमेच्या दिवशी प्रवचन ऐकलं, घरी येऊन फोन हातात घेतला आणि परत ठेवला. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून साठ-सत्तर जणींना 'मिच्छामी दुक्कडम', 'उत्तम क्षमा' झालं. त्यात एकीचंही मी वर्षभरात काही बिघडवलं नव्हतं. शेवटी आईच म्हणाल्या, ''त्या पोराला केलास का?'' मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं.

केला. म्हटलं, अरे, टोपीचं रबर गेलं होतं. काटा खाली आला होता हे खरं होतं. मी तुला खोटारडा म्हणाले, माझी चूक झाली, क्षमा कर.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''काकू, तुम्ही खोटारडा म्हटलंत ते मी घरी सांगितलं नव्हतं. काम सुटलं एवढंच सांगितलं.'' मला पुढे बोलता येईना. मग त्यानंच विचारलं, ''आजींचं कुंथलगिरी झालं का?''

आता तो दुधाच्या टेम्पोवर आहे, परत आमच्याकडे यायचं म्हणत नाही, आणि मीही तसं विचारलं नाही. पण कार्तिकातल्या एका रविवारी सुट्टी काढून येतो म्हणाला, आणि आला. पहाटे आम्ही आवरत होतो तोवर त्यानं बॉनेट उघडलं, गार इंजिनाची टोपी काढली आणि मला हाक मारून टॉर्चनं आत दाखवलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. मी बोट घालून बघितलं.

डिकीत या वेळी दोन कॅन होते. एकावर मी 'आई' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'गाडी'. आईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ''लागलं तर माझंही घाल रे.''